उरलेल्या गोळ्या

आमच्या घरात काही वाया जात नसे. रात्रीची दादरची भाकरी उरली, की सकाळी माय ती कुस्करून फोडणीला टाकायची. औषधाचंही तसंच. देवळीत बिस्किटाचा पत्र्याचा डबा होता. एरंडोलच्या डॉक्टरांनी पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या, तर जिभाऊ दोनच दिवस घेत. ताप उतरला, की उरलेल्या डब्यात. "पैसा लागना ना त्याले," माय म्हणायची. कापूस वेचून अंग ठणकलं, तर किराणा दुकानातूनच गोळी यायची, तंबाखूच्या पुडीसोबत. डॉक्टरकडे जायचं म्हणजे एसटीचं भाडं, फी आणि वर त्या दिवसाची मजुरी बुडायची.

1996 साली मी जळगावला कॉलेजात गेलो, तेव्हा मायनं त्याच डब्यातल्या गोळ्या कागदात बांधून दिल्या. खोलीत आम्ही चौघं. एकाच्या चिठ्ठीवर चौघांची औषधं यायची. सीनिअर पोरं रंगावरून औषध सांगायची : डोकं दुखतं तर ती पांढरी, जुलाब झाले तर ती पिवळी. मेडिकलवालाही न विचारता द्यायचा. पाकिटावर 'शेड्यूल एच' आणि 'डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकू नये' असं इंग्रजीत बारीक छापलेलं असे. ते कोण वाचतं? महिनाभरात पोरांनी माझं नाव 'कंपाउंडर' ठेवलं. मला त्याचं कौतुकच वाटायचं.

एप्रिलमध्ये परीक्षा होती. जळगावचं ऊन, खोलीवर पत्रे. साक्रीकडच्या माझ्या मित्राला ताप आला. "पेपर बुडाला तर वर्ष जाई रे," तो म्हणाला. मी कागद सोडला. चार कॅप्सूल निघाल्या, कधीच्या, कशाच्या, देव जाणे. त्या दिल्या, सोबत तापाची गोळी. दोन दिवसांत ताप उतरला. त्यानं दोन पेपर दिले. मी खोलीभर मिरवलो.

आठवड्यानं ताप परत आला. पोट फुगलं, तो बडबडायला लागला. दवाखान्यात नेलं तर टायफॉइड. डॉक्टरांनी विचारलं, "आधी काय घेतलं? किती?" मी खाली मान घालून सांगितलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, "अर्धवट औषधानं ताप दबतो, जंतू मरत नाहीत. उरलेले जंतू त्या औषधाला सरावतात." पुढं वाचनात आलं, की पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंगनं 1945 सालीच नोबेलच्या भाषणात हाच इशारा दिला होता. आमच्या देवळीपर्यंत तो पोचलाच नव्हता.

तिसऱ्या दिवशी त्याचे वडील धुळ्याला गाडी बदलून आले. पायात धुळीनं भरलेल्या चपला, हातात भाकरीचं गाठोडं. पोराच्या उशाशी बसले, मग माझे दोन्ही हात धरून म्हणाले, "तू व्हता म्हनीसन मना पोऱ्या वाचना, भाऊ." मी काहीच बोललो नाही. पोरगा वाचला, पण बाकीचे पेपर बुडाले आणि वर्ष गेलंच.

आता माझी मुलगी धुळ्याला शिकते. परवा फोनवर म्हणाली, "बाबा, घसा दुखत होता. मैत्रिणीकडच्या गोळ्या घेतल्या. मोबाईलवर बघून घेतल्या हं." आमच्या वेळी सीनिअर होता, आता मोबाईल आहे. बाकी डबा तोच. तिच्यावर ओरडायला तोंड उघडलं आणि थांबलो. ही सवय काही कॉलेजनं लावलेली नाही. आजही माझ्या कपाटात अर्धी पाकिटं पडून आहेत. ती तिनं लहानपणापासून पाहिली आहेत.

मग तिला ही सगळी गोष्ट सांगितली, पहिल्यांदाच. ती बराच वेळ गप्प होती. शेवटी विचारलं, "त्या आजोबांना तुम्ही खरं सांगितलं का?"

नाही सांगितलं. ते आता नाहीत. म्हणून इथं लिहून ठेवतो.