धनी

एखादी गाय दुसऱ्याच्या उभ्या पिकात शिरली, की बांधावरून पहिली हाक येते, "कोण रं हिचा धनी?" मालक कोण, असे सहसा कोणी विचारीत नाही. मालक दुकानाचा, गिरणीचा; गुरांना असतो तो धनी. धनी म्हणजे धनवान, आणि गुरांना गोधन म्हणतातच. परंतु 'शिव्यांचा धनी', 'पापाचा धनी' असेही मराठी माणूस म्हणतो. तेथे धन कसले आले? जे भोगायचे ते ज्याच्या माथी येते, तो धनी. पिकात शिरलेली गाय कोंडवाड्यात जाते आणि दंड भरून तिला सोडवून आणतो तो धनी. १८७१ साली त्यासाठी कायदाच झाला. गाईला कोणी जाब विचारीत नाही.

'पाळणे' हे क्रियापदही असेच. माणूस कुत्रे पाळतो आणि दिलेला शब्दही पाळतो. कुत्रे पाळले म्हणून ऐट मिरवायची आणि पावसात त्याला अंगणात कुडकुडत ठेवायचे, याला कोणी पाळणे म्हणत असेल तर म्हणो! मांजराची तऱ्हा निराळी. ते माणसापेक्षा घराला धरून राहते. त्याचा धनी कोण, हे तेच ठरवीत असावे.

घरी बैलाला नाव असते. रंगावरून ढवळ्या, पवळ्या. कौतुकाने सर्जा, राजा. बाजारात मात्र हे नाव गळून पडते. तेथे बैल आदत, दुसा, चौसा नाहीतर जुळलेला. बैलाच्या खालच्या जबड्यात पुढे आठ दात असतात; वरच्या जबड्यात पुढचे दात नसतातच. दुधाचे दात पडून कायमचे दात जोडीजोडीने येतात. पहिली जोडी आली की दुसा, दुसरी आली की चौसा आणि आठही पुरे झाले की बैल जुळला. पुढे भाव ठरतो तोही मुकाट्याने, रुमालाखाली एकमेकांची बोटे दाबून.

अशाच एका बाजारात एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने आपला सर्जा उभा केला होता. सोबत नातू होता. हेड्याने बैलाचा जबडा उघडून पाहिला.

"जुळून लई वर्सं झाली की! जोडीचा कुठं हाय?"

"राजा गेला आखाडात," म्हातारा म्हणाला. जनावर मेले असे लोक म्हणतात. त्याच्या तोंडी तो शब्द आला नाही.

रुमाल पडला, बोटे दाबली गेली. म्हाताऱ्याने दोनदा मान हलवली आणि तिसऱ्यांदा हात सोडला. पावती लिहिणाऱ्याने विचारले, "धनी तुम्हीच न्हवं?"

म्हाताऱ्याने हेड्याकडे बोट केले. "आता हे."

त्याने सर्जाच्या गळ्यातले दावे सोडून खांद्यावर टाकले. हेड्याने आपली दोरी बांधली. नातू मान फिरवून उभा होता. दोघे चालू लागले. पण चिंचेपर्यंत जाऊन म्हातारा माघारी आला.

"उजव्या अंगाला जुंपाया सांगा. डाव्या अंगाला त्यो कधी चाललेला न्हाई."

हेड्याने दोरी हातावर गुंडाळली. "नाव काय म्हनला?"

"सर्जा," नातू दुरूनच म्हणाला.