चामटोलीच्या वाटेवर १६० जीबी

पावसाळ्यात बदलापूर सोडून कर्जत रोडला लागलं, की चामटोलीपर्यंत डोळे निवतात. रेल्वे आणि उल्हास नदी सोबतीला. मात्र अंदाज घेऊनच निघा. २७ जुलै २०१९ला याच पट्ट्यात महालक्ष्मी एक्स्प्रेस हजारावर प्रवाशांसह पुरात अडकली होती.

आता गाण्यांचं बघू. जुना १६० जीबीचा आयपॉड क्लासिक गाडीसाठी घ्यावा? ‘अ‍ॅपल’ने तो २०१४मध्ये बंद केला, पण सेकंडहॅण्ड मिळतो. चाळीस हजार गाणी म्हणजे मोह होणारच! पण आत फिरती हार्डडिस्क, आणि आपले खड्डे तुम्हाला ठाऊक आहेतच. त्यापेक्षा मेमरी कार्डवाला प्लेअर घ्या, हादऱ्यांचं टेन्शन नाही. गाडीत ऑक्स नसेल तर ब्लूटूथ असलेला बघा. एफएम ट्रान्समीटर मुंबईत स्टेशनांच्या गर्दीत नुसता खरखरतो.

आणि हो, दुकानात एक टेस्ट कराच: प्लेअरकडे न बघता गाणं पुढे ढकलता येतं का? बटणं बोटांना कळली पाहिजेत. चकाचक टचस्क्रीन मेट्रोत ठीक, पण पावसात, दोन लेनच्या रस्त्यावर समोरून डंपर येत असताना नजर खाली गेली तर संपलंच. प्लेलिस्ट बदलापुरातच लावा. बदलायचीच असेल तर चामटोलीला गाडी कडेला घ्या.