फॉन्डंट: सावकाश रंगणारा

पाकिटातून काढला की केकवर पांघरायचा हा साखरेचा फॉन्डंट अंग आखडून बसतो. पांढराशुभ्र, गुळगुळीत, गार. बोटाने दाबलं तरी दाद देत नाही आणि घाईने लाटायला घेतला तर कडेने तडकतो. पण दोन्ही तळव्यांत धरून मळायला लागलं की त्याला हाताची ऊब लागते आणि हा अडेलतट्टू असा काही सैलावतो, की म्हणाल ते रूप घेतो. आधी हात द्या, मग काम सांगा, अशी त्याची रीत.

घराणं साधंच. बारीक दळलेली आयसिंग शुगर, लिक्विड ग्लुकोज, थोडं ग्लिसरीन, चमचाभर वनस्पती तूप आणि हे सगळं बांधून ठेवायला जिलेटिन. शाकाहारी घरांसाठी जिलेटिनच्या जागी वनस्पतिजन्य डिंक येतो. ग्लिसरीन त्याला मऊ ठेवतं, ग्लुकोज लवचीक. बाकी सगळी साखर, त्यामुळे स्वभावही साखरेचाच: पाणी दिसलं की विरघळायचं.

रंग देताना पहिली कसोटी इथेच लागते. बाटलीतला पातळ रंग घातला तर नीट चढायच्या आतच तो चिकट होऊन ओट्याला, लाटण्याला, बोटांना धरतो. त्याला मानवतो जेल कलर. टूथपिकचं टोक जेलमध्ये बुडवून गोळ्याला नुसतं टेकवायचं. मग ताणायचं, घडी घालायची, दाबायचं, पुन्हा ताणायचं. ठिपक्याची रेघ होते, रेघेच्या शिरा फुटतात. इथे थांबलात तर संगमरवरी नक्षी मिळते, आणि ती फार देखणी असते. एकसारखा रंग हवा असेल तर मळत राहायचं. गोळा वरून एकरंगी दिसला म्हणून भुलू नये. सुरीने मधोमध कापून पाहावा. आत पांढरी रेघ असेल, तर अजून मळायला हवा.

फिकट गुलाबी किंवा पिस्ता रंगासाठी लहानशी गोळी आधी गडद रंगवावी आणि ती पांढऱ्या गोळ्यात थोडी थोडी मिसळत जावी. रंग जास्त झाला, तर तो उतरवायला पांढरा फॉन्डंट भरमसाट खर्ची पडतो.

त्याची खरी परीक्षा लाल आणि काळ्या रंगात. गडद व्हावा म्हणून जेलवर जेल घालत गेलं की तो सैल पडतो, चवीलाही कडवट होतो. काळ्यासाठी आधी कोको पावडर मळून तपकिरी करून घ्यावा. मग थोडक्या काळ्या जेलवर भागतं. लालाला मात्र वेळच द्यावा लागतो. हवा त्याहून एक छटा फिका असतानाच थांबावं, क्लिंग रॅपमध्ये घट्ट गुंडाळून हवाबंद डब्यात रात्रभर ठेवावं. जेल त्याच्या अंगच्या ओलाव्यात हळूहळू मुरतं आणि सकाळी रंग आपसूक गडद झालेला असतो.

मुंबई-कोकणातला पावसाळा त्याला सोसत नाही. दमट हवेतलं पाणी साखर ओढून घेते आणि त्याला घाम सुटतो. तेव्हा घट्टपणा आणणारी सीएमसी पावडर चिमूटभर मळली आणि हाताला कॉर्नफ्लोअर लावलं की तो सावरतो. हवा दमट आहे म्हणून फ्रिजमध्ये मात्र कोंबू नये. बाहेर काढताच अंगावर पाणी धरतं. व्हिप्ड क्रीमच्या ओल्या केकवर पांघरला तर विरघळायला लागतो; त्याच्याखाली गनाश किंवा बटरक्रीमचा थर हवा. उजेडाचंही त्याला वावडं. गुलाबी रंग विटतो, जांभळ्यातला गुलाबी उडून निळाच मागे उरतो. करून ठेवलेली फुलं बंद कपाटातच बरी.

रंग घेताना लेबल नीट वाचावं. आपल्या देशात खाण्याच्या पदार्थांसाठी आठच कृत्रिम रंगांना परवानगी आहे. शोभेची चमकी फॉन्डंटला कितीही खुलून दिसली तरी ती खाण्याची आहे असं लिहिलेलं नसेल तर लावू नये. केकवरचा वाघ पोरं सगळ्यांत आधी तोंडात टाकतात.

रंगीत फॉन्डंट बाजारात तयार मिळतो आणि काळा किंवा लाल विकत आणण्यात काहीच कमीपणा नाही. पण आजीच्या पंचाहत्तरीच्या केकवर तिच्याच पैठणीचा मोरपंखी काठ उतरवायचा असेल, तर त्या छटेचं पाकीट कुठल्याच दुकानात नसतं. साडी शेजारी ठेवून, निळ्यात हिरव्याची किती टोकं टेकवायची हे डोळ्यांनी ठरवत, ती हातानेच मिळवावी लागते. असल्या कामाला फॉन्डंट कधी नाही म्हणत नाही. त्याला बोलावणं फक्त आदल्या दिवशी धाडावं.