पाण्याची साक्ष

आमच्या कोकणातल्या घरामागच्या विहिरीत एक कासव होते. 'होते' असे मी म्हणतो खरा. पण त्याला पाहिल्याचे मला एकदाच आठवते. आजी मात्र रोज सकाळी पहिली कळशी ओढण्याआधी आत डोकावून भाताची चार शिते टाकायची. "ते आहे म्हणून पाणी निर्मळ आहे हो," असे वर सांगायची.

पुढे गावात नळ आला आणि भावकीने विहीर बुजवायचे ठरवले. आजीने कासवाची आठवण दिली. मी शहरात चार बुके शिकलेला! म्हणालो, "अगं आजी, दहा वर्षांत दिसलंय का ते कुणाला?"

"दिसलं नाही म्हणजे नाहीच, असं कसं म्हणतोस रे?"

मी हसलो आणि कागदावर सही केली.

हे सारे आठवायला निमित्त झाले ते स्कॉटलंडमधील लॉख नेस या सरोवराचे. तिथे कोणी अजस्र प्राणी राहतो, अशी जुनी वदंता. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठातले नील गेमेल २०१८ साली तिथे गेले. त्यांनी जाळे टाकले नाही, की गळ टाकला नाही. निरनिराळ्या खोलीवरचे पाण्याचे सुमारे २५० नमुने तेवढे भरून घेतले. पाण्यात वावरणारा प्रत्येक जीव काही ना काही मागे सांडत असतो : कातडीचा कण, बुळबुळीत स्राव, विष्ठा. पाणी गाळून त्यातला डी.एन.ए. वेगळा काढायचा आणि ओळखीच्या जिवांच्या डी.एन.ए.शी ताडून पाहायचा, की कुळी कळते. २०१९ साली निकाल लागला. अजस्र सरपटणाऱ्या प्राण्याचा मागमूस नव्हता. आपल्या वामेसारख्या लांबट ईल माशाच्या खुणा मात्र जवळजवळ सगळीकडे होत्या. लोक हिरमुसले असतील. मला मात्र तीच खरी बातमी वाटली. कारण युरोपातला हा ईल आज नामशेष होण्याच्या वाटेवर आहे.

इंग्लंडात तुरेवाल्या न्यूटला कायद्याचे संरक्षण आहे. पालीसारखा दिसणारा, पण बेडकाच्या गोतातला हा प्राणी. त्याच्यासाठी पूर्वी रात्री विजेऱ्या घेऊन तळ्याकाठी हिंडावे लागे. २०१४ पासून काठावरच्या वीस जागांचे पाणी तपासलेले सरकारला चालते. बांधकामाला हात घालण्याआधी तळ्यालाच विचारता येते!

अर्थात पाण्याच्या साक्षीलाही मर्यादा आहेत. जीव एक की शंभर, हे ते नेमके सांगत नाही. जिवंत की नुकता मेलेला, हेही नाही. उन्हाने, सूक्ष्म जंतूंनी ही खूण काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत विरून जाते. आणि खूण मिळाली नाही, एवढ्यावरून प्राणी तिथे नाहीच, असे शास्त्रज्ञही छातीठोकपणे म्हणत नाहीत.

इथे मी वाचता वाचता थांबलो. आजी याहून वेगळे काय म्हणाली होती?

गेल्या मे महिन्यात गावी गेलो होतो. विहिरीच्या जागी आता पुतण्याची मोटारसायकल उभी असते. पाण्याला विचारण्याची युक्ती आज माणसाला साधली आहे. पण बाटली हातात घेतली, तरी मी ती बुडवू कुठे?