रफ वर्क

उजवा खांदा आखडल्यापासून फळ्याच्या वरच्या अर्ध्या भागात मला लिहिता येत नाही. हात कानाच्या वर गेला की कळ कोपरापर्यंत उतरते. तपासणारा डॉक्टर माझाच जुना विद्यार्थी. ‘फ्रोझन शोल्डर आहे सर, वर्ष-दीड वर्ष घेतो हा,’ म्हणाला आणि भिंतीवर बोटं चढवत नेण्याचा व्यायाम लिहून दिला. नांदेडच्या श्यामनगर-भाग्यनगर भागात फिजिक्स शिकवणाऱ्याचा अर्धा फळा गेला म्हणजे काय गेलं, हे खडूवर जगणाऱ्यालाच समजेल.

माझ्या फळ्याचा मला गर्व होता आणि आहे. डाव्या वरच्या कोपऱ्यात दिलेल्या राशी, मध्ये आकृती, उजवीकडे समीकरणं आणि तास संपेपर्यंत डस्टरला हात नाही. शेवटची ओळ बरोबर वेळेला तळाशी पोहोचायची. भरलेल्या हॉलमध्ये उत्तराखाली रेघ ओढली की मागच्या बाकांपर्यंत एक ‘हां’ उमटायचा. त्या ‘हां’साठी मी इतकी वर्षं शिकवलं, असं म्हटलं तर ते खोटं नाही. लातूरहून जास्त पैशांची बोलावणी आली, मी गेलो नाही. लोकांना मी गावावरची माया असं कारण सांगितलं. खरं कारण हे की इथल्या पोरांना माझा फळा ठाऊक होता आणि तिथे तो नव्यानं सिद्ध करावा लागला असता.

खांदा गेल्यावर अकरावी-बारावीच्या बॅच तरुण सहकाऱ्यांकडे गेल्या आणि माझ्याकडे रिपीटर, म्हणजे मेडिकलसाठी नीट पुन्हा देणारी मुलं, राहिली. त्यांना गणित तोंडी सांगायचं आणि बाकांमधून फिरत, वाकून, एकेकाची वही बघायची, एवढंच काम उरलं. फळ्यासमोर उभं राहिल्यावर मुलांचे चेहरे दिसतात. बाकामागे उभं राहिल्यावर त्यांचे हात दिसतात. तेव्हापासून एकच गोष्ट माझी पाठ सोडत नाही.

गणित साधं आहे. जमिनीवर २ किलोचा ब्लॉक ठेवलाय. स्थितिक घर्षणाचा गुणांक ०.४, g १० धरा. ५ न्यूटन बलानं आडवा ओढला. घर्षण किती? अकरावीतलं पोरगं थबकतं, आकृती काढतं, चुकतं किंवा बरोबर येतं. रिपीटर थबकत नाही. ‘घर्षण’ हा शब्द डोळ्यांना दिसला की हात म्यू-एन लिहून मोकळा होतो: ०.४ गुणिले २ गुणिले १०, ८ न्यूटन. आणि ८ न्यूटन पर्यायांत असतंच, कारण पेपर काढणाऱ्यालाही हा हात माहीत असतो. मी नुसतं म्हणतो, ‘ओढायलोय ५ नं आणि घर्षण ८ नं मागं ढकलायलंय? म्हणजे ब्लॉक उलटा पळतोय का रे?’ तोच मुलगा क्षणात सांगतो, ‘अरे हो सर, ८ ही मर्यादा आहे, ब्लॉक हललाच नाही, म्हणून ५.’ म्हणजे त्याला येतं. न येणाऱ्याला शिकवणं हा माझा धंदा आहे, तो मला जमतो. ज्याला येतं आणि तरी चुकतं, त्याला काय शिकवायचं?

मुलं याला ‘सिली मिस्टेक’ म्हणतात. वडिलांना फोनवर सांगतात, ‘पप्पा, दहा-बारा सिली झाल्या, नाहीतर लागला होता नंबर.’ हा शब्द मी माझ्या वर्गात बंद केला आहे. दहा ठिकाणी हे झालं तर प्रत्येकी ४ गेले आणि वर १ कापला, म्हणजे ५० गुण गेले. ५० गुणांत हजारो माणसं पुढे निघून जातात. अशा चुका योगायोगानं होत नाहीत. प्रत्येक मुलाच्या चार-पाच ठरलेल्या असतात, त्याच्या सहीसारख्या. कुणी उणे चिन्ह पुढच्या ओळीत विसरतो, कुणी व्यासाला त्रिज्या समजतो, कुणी सेंटिमीटर तसेच ठेवतो. पहिल्या वर्षी चूक सावकाश होते. रिपीट केल्यावर तीच चूक वेगानं होते, कारण वर्षभर सरावानं हात पक्का झालेला असतो.

अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये वैद्यकीय प्रवेश नाकारला गेला तर मुलगा पुन्हा अर्ज करताना बरंच काही बदलू शकतो. परीक्षेचे गुण वाढवतो, दवाखान्यात काम करून अनुभव जोडतो, शिफारसपत्रं नवी घेतो, मुलाखतीची तयारी करतो. आपल्याकडे ७२० पैकी एक आकडा असतो आणि त्या आकड्यावरून लागणारी रँक. मुखेडच्या शेतकऱ्याच्या लेकरासाठी हे एका अर्थी बरंच आहे, त्याला शिफारस कोण देणार? पण त्यामुळे नाकारलेल्या मुलाकडे दुरुस्त करायला एकच जागा उरते. ती म्हणजे त्या तीन तासांतला त्याचा हात.

तो हात बघायचा पुरावा घरातच असतो. नीटमध्ये उत्तरपत्रिका जमा होते, पण प्रश्नपुस्तिका मूल घरी आणतं आणि त्यातच रफ वर्क असतं. पुढे ओएमआरची प्रत आणि उत्तरतालिका येते. तिन्ही शेजारी ठेवली की मे महिन्यातल्या त्या दुपारी काय घडलं, ते रेघेरेघेला वाचता येतं. म्हणून पहिल्या दिवशी मी गेल्या वर्षीची पुस्तिका मागतो. बहुतेकांनी ती फाडलेली असते, रद्दीत दिलेली असते, एकानं हॉस्टेलच्या गच्चीवर जाळली होती. अपयशाचा कागद घरात नको, असं आपल्याकडे वाटतं.

कंधारकडच्या एका मुलीच्या आईनं मात्र तो जपून ठेवला होता. सातबारा, जात वैधता आणि नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्रांच्या पिशवीत. ती माउली अक्षरओळख नसलेली, पण ‘सरकारी कागद हाय, टाकू कशी?’ म्हणाली. मुलगी २०२४ ची. त्या वर्षीचे हाल सगळ्यांच्या लक्षात असतील. ५ मेला पेपर झाला, ४ जूनला, लोकसभेच्या मतमोजणीच्या दिवशी, निकाल लागला आणि ६७ जणांना पैकीच्या पैकी. मग पेपरफुटी, वाढीव गुण, फेरपरीक्षा. तपासात आमच्या शेजारच्या लातूरचं नाव आलं, तेव्हा इथल्या प्रत्येक प्रामाणिक शिक्षकाची मान खाली गेली. सर्वोच्च न्यायालयानं २३ जुलैला परीक्षा रद्द करायला नकार दिला, तोवर रिपीट करायचं की थांबायचं हेच पोरांना कळत नव्हतं. सुधारित निकालात ७२० वाले १७ उरले. ५९१ गुण मिळवून या मुलीचा नंबर लागला नव्हता.

तिची पुस्तिका मी रात्री वाचली. फिजिक्समध्ये १४ चुका. त्यातल्या ९ गणितांचं सूत्र तिनं कडेला बरोबर लिहिलेलं होतं. एकात तर विचारलेलं गुणोत्तर बरोबर काढून त्याला गोल केला होता आणि ओएमआरवर शेजारचा, उलट्या गुणोत्तराचा पर्याय भरला होता. ९ ठिकाणी पाच-पाच, ५९१ चे ६३६ झाले असते. तिला शिकवायला माझ्याकडे काहीच नव्हतं. थर्मोडायनॅमिक्स तिला माझ्या तरुण सहकाऱ्यांइतकं येत होतं. मी तिला गणित सांगायचो आणि तिच्या पेनाकडे बघत उभा राहायचो.

या हाताला थांबवायचे सगळे उपाय मी केले. प्रश्न मोठ्यानं वाचायला लावला. वर्गात चालतं, परीक्षेत ओठ हलवता येत नाहीत. पर्याय झाकून सोडवायला दिलं. चुका निम्म्यावर येतात, पण पेपरात पर्याय छापलेले असतात आणि डोळा तिकडे जातोच. पहिली काही सेकंदं पेन खाली ठेवायला सांगितलं. हे सगळ्यांत गुणकारी आणि हेच सगळ्यांत महाग. कारण २०२५ पासून पुन्हा १८० प्रश्न आणि १८० मिनिटं असा हिशेब झाला, निवडीची सोयही गेली. बायोलॉजी कितीही भरभर आटोपली तरी फिजिक्सला मोजकाच वेळ उरतो. रिपीटरकडे इतरांपेक्षा जास्त असतो तो वेग. तोच त्याचा रोग आहे आणि तोच कमी केला तर पेपर पुरा होत नाही. या पेचाला मला अजून उत्तर सापडलेलं नाही. सध्या मी इतकंच करून घेतो: प्रश्नाची शेवटची ओळ आधी वाचायची, ‘स्थिर’, ‘किमान’, ‘सुरुवातीला’ असा निकाल फिरवणारा एखादा शब्द असेल त्याखाली रेघ मारायची आणि मग वरून वाचायचं. एवढ्यानं काहींचा हात थांबतो. काहींची रेघही सवयीनं पडू लागते, शब्दाकडे न बघता. मग ५ न्यूटनच्या त्या ब्लॉककडे परत यावं लागतं. कधी ५ चे ९ करतो, मग ब्लॉक सुटतो आणि गतिज घर्षण लागतं. तेव्हा ‘आता हलला का?’ हा प्रश्न मूल स्वतःला विचारतंय की नाही, हे मी त्याच्या पेनावरून ओळखतो.

४ मे २०२५ चा फिजिक्सचा पेपर लांब आणि अवघड निघाला. देशात पहिल्या आलेल्याला ६८६. आमच्या क्लासच्या गल्लीत त्या संध्याकाळी पोरं आणि पालक दोघं रडत होते. कंधारच्या मुलीला ५३८ मिळाले, म्हणजे आधीपेक्षा ५३ कमी, आणि तिला शासकीय महाविद्यालयात जागा मिळाली. तिच्याच बाकावर बसणाऱ्या, तिच्याहून स्वच्छ वही असलेल्या मुलाला नाही मिळाली; तो आता नांदेडच्याच शासकीय आयुर्वेद महाविद्यालयात आहे आणि चांगला शिकतोय. गुण वाढले की मूल सुधारलं, असं जे कोणी सांगतं त्याला हे दोघं मी दाखवीन. तिच्या फिजिक्समधल्या, येत असूनही झालेल्या चुका मी पुन्हा मोजल्या. त्या तीन होत्या. तिच्या निकालापेक्षा त्या तीनचा आनंद मला जास्त झाला. तो माझ्या गर्वाचाच भाग आहे, हेही मला माहीत आहे.

आता गल्लीबद्दल. जूनमध्ये श्यामनगरात आणि लातूरच्या उद्योग भवनाच्या भागात फ्लेक्स लागतात, एकाच मुलीचा फोटो तीन वेगवेगळ्या क्लासच्या फ्लेक्सवर. काही ठिकाणी रिपीटर बॅचला आधीच्या गुणांची अट असते, काठावरची मुलं तेवढी घ्यायची. ही निवड झाली, शिकवणं नव्हे. माझाही फोटो वर्षानुवर्षं फ्लेक्सवर असतो आणि मी रस्त्यानं जाताना तो बघतो. पण त्या फोटोखालच्या आकड्यात किती काम माझं आणि किती त्या निवडीचं, हे मला कळतं.

ज्याला लोक लातूर पॅटर्न म्हणतात, तो कॉलेजात जन्मला. राजर्षी शाहू महाविद्यालयात प्राचार्य जनार्दन वाघमारे आणि त्यांच्या पुढच्यांनी जादा तास, पुन्हा पुन्हा चाचण्या, पेपर तपासून मुलाला समोर बसवून दाखवणं हा शिरस्ता घातला. लातूरच्याच दयानंदमध्ये, नांदेडच्या यशवंत आणि सायन्स कॉलेजात तशाच तळमळीची माणसं होती. बोर्डाच्या गुणवत्ता यादीत मराठवाड्याची नावं झळकली ती त्यातून. त्या पॅटर्नचा जीव तपासण्यात होता. आज जादा तास उरले, चाचण्या तर रोजच्या झाल्या, पण तपासणारा माणूस गेला. ओएमआर यंत्रात जाते, रात्री मोबाइलवर आकडा येतो. यंत्र सांगतं की ८ न्यूटन चूक. ८ का लिहिलं, ते यंत्राला दिसत नाही, कारण रफ वर्क कोणी पुढे केलेलंच नसतं. कॉलेजं नावापुरती, प्रयोगशाळेला कुलूप. स्प्रिंग बॅलन्सनं ठोकळा ओढताना काटा ५ वर असतो आणि ठोकळा हलत नाही, हे ज्यानं एकदा स्वतःच्या हातानं बघितलं, त्याचा हात म्यू-एन लिहायला इतक्या घाईनं धावत नाही, असं माझं पक्कं मत आहे.

पूर्वी नंबर लागला नाही की आमच्याकडे ७०-३० च्या प्रादेशिक कोट्याकडे बोट दाखवलं जायचं आणि ते खोटं नव्हतं. मराठवाड्यात जागा कमी, म्हणून इथलं पोर जास्त गुण असून मागे राहायचं. सप्टेंबर २०२० मध्ये लातूरचेच असलेले वैद्यकीय शिक्षणमंत्री अमित देशमुख यांनी तो कोटा रद्द केल्याचं जाहीर केलं, तेव्हा इथे पेढे वाटले गेले. आता बोट दाखवायला जागा उरली नाही. मग सगळा राग मुलावर येतो. सोयाबीनला भाव नसलेल्या वर्षी बाप येऊन विचारतो, ‘सर, अजून एक वर्स बसवू का लेकराला?’ प्रयत्नांना मर्यादा नाही, २०२२ पासून वरची वयोमर्यादाही नाही, म्हणजे कायदा कुणाला थांबवत नाही. थांबवायचं काम कुणीतरी करावं लागतं. मी पुस्तिका मागतो. येत असूनही झालेल्या चुका बऱ्याच असतील तर ‘बसवा’ म्हणतो. पानं कोरी असतील, धडेच्या धडे आलेले नसतील आणि मूल दोनदा बसून झालेलं असेल, तर बीएएमएस, फार्मसी, नर्सिंग, बीएस्सी यांची नावं घेतो आणि बापासमोर मुलाची बाजू घेऊन बोलतो. त्यानं माझी एक जागा जाते. संस्थेच्या मालकांना ते आवडत नाही.

माझं मागणं क्लासवाल्यांकडे आहे: रिपीटरच्या वर्गात साठांपेक्षा जास्त मुलं बसवू नका. एका शिक्षकाला त्याहून जास्त हात वाचता येत नाहीत, तीनशे तर कुणालाच नाहीत. आणि पालकांना सांगणं आहे. फी भरण्याआधी काउंटरवर एकच गोष्ट विचारा: माझ्या लेकराचं रफ वर्क कोण वाचणार? उत्तरात एखाद्या माणसाचं नाव मिळालं तर पैसे भरा. ॲपचं नाव मिळालं तर भरू नका.