पत्र्याची उमेदवारी

जिल्हा कचेरीच्या अभिलेख शाखेत तीस वर्षे परक्यांच्या जमिनींचे फेरफार आणि पंचनामे सांभाळून निवृत्त झाल्यावर, वडिलांनी १९६६ साली घेतलेली आणि पुढे कित्येक पावसाळे अंगणातल्या शेडखाली निमूटपणे झिजलेली फियाट अकराशे डिलाइट आपल्याच हातांनी दुरुस्त करावी, अशी तजवीज मी मनाशी केली, तेव्हा लोखंडाशी माझा परिचय टाचणीपलीकडे गेलेला नव्हता. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात तयार झालेल्या या गाडीचे १०८९ घनसेंटिमीटरचे इंजिन उघडून पुन्हा बसवून देणारे कारागीर पुण्यात अद्याप आहेत, आणि त्याविषयी मला विशेष काही सांगायचेही नाही. खरा मामला होता तो पत्र्याचा.

चालकाच्या बाजूच्या दारावरून लोहचुंबक फिरवला, तर मध्यभागी वीतभर जागेत तो चिकटेचना. खरवडून पाहिले तेव्हा रंगाखालून लांबीचा, म्हणजे खड्डे बुजवायच्या लुकणाचा, पाच-सहा मिलिमीटर जाडीचा थर निघाला. पूर्वी कोणी तरी पोचा काढण्याचे श्रम वाचवून तो नुसता बुजवला होता आणि वर बेमालूम रंग चढवला होता. खाडाखोड करून वर नवा शिक्का मारलेली प्रकरणे हुडकण्यातच माझी नोकरी गेलेली असल्यामुळे, संताप येण्याऐवजी मला कचेरीत परत आल्यासारखे वाटले.

पोचा म्हणजे आत गेलेला पत्रा, तेव्हा आतून ठोकून तो बाहेर आणला की काम संपले, या समजुतीने मी हातोडी आणि डॉली, म्हणजे पत्र्यामागे धरायचा लोखंडी ठोकळा, घेऊन बसलो. तीन दिवसांच्या ठोकाठोकीनंतर दार पूर्वीपेक्षा अधिक फुगले, आणि अंगठ्याने दाबले की त्याचा मधला भाग रॉकेलच्या डब्याच्या बुडासारखा ‘टपक्’ करून आत जाई व सोडताच ‘टपक्’ करून बाहेर येई.

पेशवाईपासून तांब्यापितळेची भांडी जिथे घडत आली त्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत माझ्या परिचयाचे एक वृद्ध कारागीर आहेत. घंगाळावर मठार काढीत, म्हणजे हातोडीचे टिंब एकाशेजारी एक दाबून बसवीत, त्यांनी माझी सारी कैफियत ऐकून घेतली आणि हात न थांबवता म्हणाले, “भाऊसाहेब, पत्रा आत गेलेला नाही, पत्रा जास्त झालाय. अजून किती वाढवताय?”

हातोडी आणि ऐरण यांच्यामध्ये सापडलेला धातू प्रत्येक घावागणिक तिळभर पातळ होतो आणि तितकाच पसरतो, ही गोष्ट त्यांच्या घरात पोरांनाही ठाऊक असणार. मला ती साठीनंतर कळली. डॉली नेमकी घावाखाली धरली की पत्रा चेपून पसरतो, आणि तीच खळग्याखाली टेकवून घाव शेजारच्या उंचवट्यावर हलकेच घातला की तो न पसरता जागेवर येतो, हा भेद हाताला पटायला मात्र दोन महिने लागले.

वाढलेला पत्रा आटवायचा कसा? फुगवट्याच्या माथ्यावर रुपयाएवढी जागा गॅसच्या ज्योतीने लाल करायची. भोवतालचा थंड पत्रा त्या तप्त वर्तुळाला आडवे पसरू देत नाही, म्हणून ते वर उचलले जाते. तेवढ्यात डॉलीवर दोन-तीन हलके घाव घालून ते दाबायचे आणि ओल्या फडक्याने निववायचे. मग आकुंचन पावताना ते आजूबाजूचा पत्रा आपल्याकडे ओढून घेते. हे सारे पाच-सहा सेकंदांत उरकावे लागते, आणि चुकीच्या ठिकाणी केल्यास दार दुसऱ्याच दिशेला वाकते. सतराव्या टिपक्यानंतर मी अंगठा दाबला आणि दार गप्प राहिले. शेजारच्यांना यात आनंद मानण्यासारखे काय होते ते समजले नाही.

गाडीची जमीन कुजलेली होतीच. या गाडीला वेगळी चौकट नसते, शरीर हाच सांगाडा. म्हणून खालचा पत्रा कापण्यापूर्वी टेकू न दिल्यास दारे फटीत बसेनाशी होतात, हेही कापल्यावरच उमगले. ठिगळासाठी बोहरी आळीतून आणलेला पत्रा जस्ती निघाला. लोखंड वितळण्याच्या कितीतरी आधी, सुमारे ९०७ अंशांनाच जस्ताची वाफ होते. वेल्डिंग करताना उठणारा तिचा पांढरा धूर बंद शेडमध्ये तासभर हुंगून रात्री मी हुडहुडी भरून पडलो. सकाळी ताप उतरला, तेव्हा सौभाग्यवतींनी वेल्डिंगचे यंत्र कुलपात ठेवलेले होते. आठ दिवसांनी किल्ली मिळाली ती शेडची मागची भिंत पाडण्याच्या अटीवर.

सायंकाळी पाचच्या तिरप्या उन्हात त्या दारावर अजूनही एक पुसट लाट दिसते. ती झाकण्यासाठी मीही शेवटी अर्ध्या मिलिमीटरहून कमी लांबी लावली आहे. चुंबक तेथे चिकटतो. डावीकडची दोन्ही दारे अद्याप खरवडायची आहेत.