भिंत बारा मिलिमीटरची

विषय होता ऑफिसवाल्यांचं हेल्थ चेकअप. डेडलाइन शुक्रवारची. म्हटलं, लोकांना प्रश्न विचारत फिरण्यापेक्षा आधी आपलंच चेकअप करून टाकू. लेखाला पहिला पॅरा तरी मिळेल. वय अठ्ठावीस, वजन बरं, सिगारेट फक्त डेडलाइनच्या रात्री. मला काय होणार, यार?

बीपी निघालं 150/96. ‘काल रात्री झोप झाली नाही ना,’ मी म्हणालो. सिस्टर नुसती हसली. पुढचा आठवडाभर घरी मोजलं. आकडा हलायला तयार नाही. मग बाबांच्याच डॉक्टरांकडे गेलो. टूडी इको झाला, मानेच्या धमन्यांची सोनोग्राफी झाली. धमनीचं आतलं अस्तर वयाच्या मानाने जाड आणि हृदयाच्या डाव्या कप्प्याची भिंत 12 मिलिमीटर.

‘जाड म्हणजे मजबूत ना डॉक्टर? जिममध्ये दंड होतात तशी?’

‘दंडाला तू तासभर कामाला लावतोस आणि मग आराम देतोस. याला सुट्टी कुठेय? दिवसाला साधारण एक लाख ठोके.’

मग त्यांनी लेटरहेडवर चित्र काढून सांगितलं. तरुण धमनी रबरासारखी असते. ठोक्यागणिक ताणते, परत जागेवर येते. अस्तराखाली चरबी साठू लागली, बीपी चढलेलंच राहिलं, की ती ताठर होते. मग तेवढंच रक्त ढकलायला हृदयाला जास्त जोर लावावा लागतो. स्नायू वाढतो, भिंत जाडावते. असा कडक झालेला कप्पा दोन ठोक्यांच्या मधे नीट सैल होत नाही, नीट भरत नाही. त्यात आणखी एक घोळ. जाड स्नायूला रक्त जास्त लागतं आणि हृदयाच्या स्वतःच्या धमन्या त्याच चरबीने अरुंद होत असतात. मागणी वाढते, पुरवठा घटतो. आणि हे सगळं होताना छातीत साधी कळसुद्धा येत नाही.

‘पण माझ्या वयात?’

कोरियन युद्धात मारल्या गेलेल्या 300 अमेरिकन सैनिकांची हृदयं डॉक्टरांनी तपासली होती. अहवाल 1953 साली आला. सरासरी वय 22. चारांतल्या तिघांहून जास्त जणांच्या हृदयाच्या धमन्यांत रोगाच्या खुणा होत्या. आणि ही धडधाकट, फौजेतली मुलं!

रिपोर्ट मी तीन दिवस बॅगेत लपवला. कारण बाबा. त्यांना एक्कावन्नाव्या वर्षी अटॅक आला, तेव्हा आयसीयूबाहेर येताच मी त्यांना झापलं होतं, ‘वेळेवर चेकअप का नाही केलंत?’ आता कोणत्या तोंडाने सांगणार?

शेवटी सांगितलं. त्यांनी चष्मा लावला, रिपोर्ट दोनदा वाचला.

‘तुझ्यासाठी फ्लॅट ठेवणार होतो रे. हे कशाला घेतलंस?’

हसलो दोघंही. मग ते बराच वेळ काही बोललेच नाहीत.

डॉक्टरांचं एक वाक्य मी धरून ठेवलंय. बीपी ताब्यात राहिलं, तर जाडावलेली भिंत पुष्कळदा पुन्हा उतरते. पुढच्या वर्षी परत इको आहे. तोवर मीठ कमी, सिगारेट बंद आणि रोज पाऊण तास चालणं. सकाळी साडेसहाला बाबा दार वाजवतात. त्यांची गोळी वेगळी, माझी वेगळी. पाण्याचा तांब्या मात्र एकच.

आणि हो, लेख शुक्रवारी गेला नाही. तुमचं बीपी शेवटचं कधी मोजलं होतंत?